मोटारसायकलच्या प्लास्टिकवरील ओरखडे आणि घरच्या घरी रंगाची डागडुजी

मुंबईत मोटारसायकलवर ओरखडा उठण्यासाठी अपघात व्हावा लागत नाही. घाटकोपर किंवा बोरिवली स्थानकाबाहेर एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या गाड्यांमधून आपली गाडी मागे ओढताना शेजारच्या गाडीचे हँडल साइड पॅनेलला घासते, चाळीच्या बोळातून गाडी आत घेताना भिंतीचा गिलावा मडगार्ड खरवडतो, आणि इमारतीच्या आवारात कोणी सायकल टेकवून ठेवली तर तिच्या ब्रेकचे टोक पॅनेलवर पांढरी रेघ ओढून जाते. अशा वेळी जवळच्या दुकानातून त्या रंगाचा स्प्रे कॅन आणून ओरखड्यावर मारण्याचा मोह होतो. तो रंग त्या दिवशी बरा दिसतो, परंतु काही आठवड्यांत त्याच्या कडा उचलल्या जातात आणि नखाने ओढला तर तो पापुद्र्यासारखा निघून येतो. दोष बहुधा रंगाचा नसतो. ओरखडा किती खोल आहे आणि त्याखालचे प्लास्टिक कोणते आहे, हे दोन प्रश्न न विचारता काम केलेले असते. या लेखाचा मोठा भाग म्हणूनच या दोन प्रश्नांना दिला आहे.

त्याआधी एक दिलासा. पेट्रोलच्या टाकीवरचा रंग पत्र्यापर्यंत उडाला, तर मुंबईच्या खाऱ्या आणि दमट हवेत तेथे लवकरच गंज धरतो, आणि तो रंगाखालून पसरत जातो. तेथे घाई करणे योग्यच असते. प्लास्टिकला गंज चढत नाही. साइड पॅनेल, मडगार्ड, शेपटाचे पॅनेल, हेडलाइटभोवतीचे कवच यांवरचा ओरखडा सहा महिने तसाच राहिला, तरी दिसण्यापलीकडे त्याने फारसे बिघडत नाही. म्हणून पावसाळ्यात उठलेला ओरखडा हिवाळ्यात दुरुस्त करण्यात काहीही चूक नाही, उलट तसेच करणे हिताचे असते. त्याचे कारण पुढे येईल.

कारखान्यातून रंगवून आलेल्या पॅनेलवर साधारणपणे तीन थर असतात. प्लास्टिकला लागून प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर, ज्याला रंगारी नुसते ‘क्लिअर’ म्हणतात. हे सर्व थर मिळूनही जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासच असते. चमक आणि उन्हापासूनचे संरक्षण क्लिअर देतो. रंगाचा थर केवळ छटा देतो आणि स्वतः बऱ्याचदा निस्तेज असतो. त्यामुळे ओरखडा कोणत्या थरापर्यंत गेला आहे यावर उपाय ठरतो, आणि वरवरच्या ओरखड्याला रंगाची मुळीच गरज नसते.

खोली ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. प्रथम तो भाग साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावा, कारण धूळ आणि मीठ यांचा थर असताना केलेली कोणतीही तपासणी फसवते. मग कोरड्या पृष्ठभागावर ओरखडा नीट पाहून घ्यावा आणि त्यावर पाण्याचे बोट फिरवावे. ओले असेपर्यंत ओरखडा दिसेनासा झाला, तर तो क्लिअरमध्येच आहे. त्या बारीक चरांमुळे प्रकाश विखुरत होता आणि पाण्याने चर भरल्यावर ते थांबले, एवढाच त्याचा अर्थ. यानंतर नख आडवे फिरवावे. नख अडकत नसेल, तर पॉलिश पुरते. नख अडकत असेल, पण तळाशी रंगाचीच छटा दिसत असेल, तर प्रकरण मधले आहे. तळाशी राखाडी, पांढरा किंवा काळा रंग दिसत असेल, तर ओरखडा प्रायमर किंवा प्लास्टिकपर्यंत पोहोचला आहे आणि तेथे नवा रंग द्यावाच लागेल.

आणखी एक शक्यता नेहमी तपासावी. पुष्कळदा जो ओरखडा वाटतो तो दुसऱ्या गाडीचा किंवा भिंतीचा आपल्या पॅनेलवर चढलेला रंग असतो, म्हणजे आपला थर गेलेला नसून वर परका थर बसलेला असतो. मऊ कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, न दाबता, हलक्या हाताने पुसल्यास तो बराचसा निघतो आणि उरलेला रबिंग कंपाउंडने, म्हणजे बारीक घासणाऱ्या पेस्टने, जातो. येथे थिनर वापरू नये. एनसी थिनर किंवा अॅसिटोन यांसारखी तीव्र द्रावणे एबीएस जातीच्या प्लास्टिकला विरघळवतात आणि त्यात केसासारख्या बारीक भेगा पाडतात. त्या वरून लगेच दिसल्या नाहीत तरी पॅनेल ठिसूळ करतात. पॉलीकार्बोनेटच्या हेडलाइटजवळ आणि पारदर्शक व्हायझरजवळ थिनरची बाटली उघडूच नये. हेल्मेटबाबत तर माझे मत ठाम आहे: प्लास्टिकच्या कवचाच्या हेल्मेटवर घरी थिनर लावू नये आणि स्प्रेही मारू नये, कारण द्रावणाने कवच कमकुवत झाले तर ते बाहेरून कळत नाही, आणि त्या वस्तूवर डोके अवलंबून असते.

ओरखडा क्लिअरपुरताच असेल, तर मायक्रोफायबर कापडावर बारीक कंपाउंड घेऊन छोट्या भागात, कापड वरचेवर बदलत, सावलीत घासावे. पांढऱ्या कापडावर पॅनेलचा रंग येऊ लागला, तर थांबावे. याचा अर्थ त्या भागावर क्लिअर नाही किंवा तो घासून संपला आहे. किंचित खोल ओरखड्यासाठी २००० क्रमांकाचा पाण्याचा पॉलिश पेपर अर्धा तास भिजवून, साबणाचे एक-दोन थेंब टाकलेल्या पाण्यासह अगदी हलका फिरवावा आणि त्याने आलेला धुरकटपणा कंपाउंडने काढावा. पॅनेलच्या कडा आणि उभारलेल्या रेषा यांवर थर सर्वांत पातळ असतो, त्यामुळे त्यांवर मास्किंग टेप लावून मगच शेजारच्या भागाला हात घालावा. कंपनीचे नाव किंवा पट्टे यांचे स्टिकर क्लिअरच्या वर आहेत की खाली, हेही बोट फिरवून आधी पाहावे. वर असलेल्या स्टिकरची कड कंपाउंडने सहज उखडते.

मॅट रंगाच्या गाड्यांना यातले काहीच लागू पडत नाही. मॅट दिसणे हे पृष्ठभागाच्या सूक्ष्म खडबडीतपणातून येते, आणि कंपाउंड तोच खडबडीतपणा घासून टाकतो. ओरखडा जातो, परंतु त्या जागी चकचकीत डाग कायमचा राहतो. मॅट पॅनेलवर ठिगळासारखा रंगही मिसळत नाही. तेथे संपूर्ण पॅनेल कडेपासून कडेपर्यंत रंगवणे किंवा नवे घेणे हेच दोन मार्ग उरतात.

आता दुसरा प्रश्न. पॅनेल काढून त्याची मागची बाजू पाहिली, तर बहुधा दोन टोकदार कंसांमध्ये प्लास्टिकच्या जातीची उभारलेली अक्षरे सापडतात. मोटारसायकलवर प्रामुख्याने दोन जाती भेटतात: एबीएस आणि पीपी, म्हणजे पॉलीप्रॉपिलीन. रंगवलेली, चकचकीत पॅनेले बहुतेक वेळा एबीएसची असतात, तर रंग न दिलेले काळे भाग, मागच्या चाकावरचे आतले मडगार्ड, साखळीचे कवच यांसारख्या वस्तू अनेकदा पीपीच्या असतात. खूण सापडली नाही, तर मागच्या बाजूने तासलेला प्लास्टिकचा लहानसा कण पाण्यात टाकून पाहावा. पीपी पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगते, एबीएस किंचित जड असल्याने बुडते. कण साबणाच्या पाण्याने आधी ओला करून घ्यावा, नाहीतर हवेचे बुडबुडे चिकटून बुडणारा कणही तरंगताना दिसतो.

हा फरक एवढा महत्त्वाचा का, हे समजून घेण्यासारखे आहे. रंग चिकटण्यासाठी तो द्रवरूपात असताना पृष्ठभागावर पसरावा लागतो, आणि पसरण्यासाठी त्या पृष्ठभागाने त्याला ओढून घ्यावे लागते. एबीएसच्या रेणूंमध्ये अशी ओढ असते, शिवाय प्रायमरमधील सौम्य द्रावण त्याच्या वरच्या थरात किंचित मुरते, त्यामुळे रंगाची पकड पक्की होते. पीपीचे रेणू या बाबतीत उदासीन असतात. तेल लावलेल्या ताटावर पाण्याचा थेंब जसा गोळा होऊन राहतो, तसा रंग त्यावर पसरायला तयार नसतो, आणि जोराने पसरवला तरी वाळल्यावर फक्त टेकून राहतो. पॉलिश पेपरने कितीही खरवडले तरी हा मूळ स्वभाव बदलत नाही. कारखान्यात पीपीच्या पृष्ठभागावर ज्योत फिरवून किंवा विशेष प्रक्रिया करून तो रंगासाठी तयार करतात. घरी ज्योतीचा प्रयोग करू नये. त्याऐवजी अॅडहीजन प्रमोटर नावाचा पारदर्शक थर मिळतो, त्यात बहुधा क्लोरिनयुक्त पॉलीओलेफिन असते, जे एका बाजूने पीपीला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरते. कॅनवर ‘प्लास्टिक प्रायमर’ एवढेच लिहिलेले असेल, तर तो पीपीवर चालतो का हे दुकानदाराला विचारूनच घ्यावा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील गाड्यांच्या दुकानांत किंवा मोटारींचा रंग मिसळून देणाऱ्या कोणत्याही दुकानात प्लास्टिकची जात सांगून मागितल्यास योग्य वस्तू मिळण्याची शक्यता वाढते.

मुळात काळ्याच असलेल्या, रंग न दिलेल्या पीपीच्या भागाला रंग देऊच नये, असे मला वाटते. त्यात काळेपणा प्लास्टिकच्या आतपर्यंत असतो, त्यामुळे ओरखडा बारीक पेपरने सपाट करून तसाच ठेवता येतो. त्यावर एकदा रंग चढवला की दर थोड्या काळाने सोलणारा थर सांभाळत बसावे लागते, आणि असे भाग नवे घेणे फार महाग नसते.

छटा जुळवणे हे या कामातले सर्वांत अवघड अंग आहे. काही गाड्यांवर सीटखाली किंवा चासीवरच्या स्टिकरवर रंगाचा कोड असतो. नसेल तर सुटे भाग विकणाऱ्या अधिकृत दुकानाच्या यादीत गाडीचे वर्ष आणि रंगाचे नाव यांवरून तो काढता येतो. परंतु कोड कारखान्यातल्या दिवसाची छटा सांगतो, आणि आपली गाडी त्यानंतर अनेक उन्हाळे उघड्यावर उभी राहिलेली असते. लाल रंग विशेषतः लवकर उडतो. म्हणून कॅनच्या झाकणाच्या रंगावर विसंबू नये. जाड पांढऱ्या कार्डावर नमुना फवारून, वाळवून, त्यावर क्लिअर देऊन, तो पॅनेलशेजारी धरून दिवसाच्या उजेडात पाहावा. मेटॅलिक रंगात अडचण आणखी वाढते. त्यातील अॅल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे थर जाड आणि ओला पडला तर आत बसतात व छटा गडद होते, थर हलका आणि कोरडा पडला तर पापुद्रे वर राहतात व छटा उजळ दिसते. एकाच कॅनमधून दोन हातांनी दोन छटा निघतात. मोत्यासारखी झाक देणाऱ्या पर्लच्या काही रंगांत तर रंग आणि क्लिअर यांमध्ये आणखी एक थर असतो. मेटॅलिकचा मोठा डाग आणि कोणताही पर्ल हे काम अनुभवी रंगाऱ्याकडे देण्यात कमीपणा नाही. साधा काळा, पांढरा किंवा लाल रंग मात्र घरी नीट साधतो. आरसी पुस्तकात गाडीच्या रंगाची नोंद असते, त्यामुळे त्याच रंगाची डागडुजी आणि गाडीचा रंगच बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी आरटीओची वाट धरावी लागते.

ओरखडा तांदळाच्या दाण्याएवढा किंवा अगदी अरुंद असेल, तर स्प्रेऐवजी ब्रश वापरावा. बाटलीसोबत येणारा ब्रश बहुधा जाड असतो. चित्रकलेचा शून्य क्रमांकाचा ब्रश किंवा टोकदार काडी अधिक चांगली. रंग चराच्या आत, थेंबाथेंबाने, एकावर एक पातळ थर देत भरावा, प्रत्येक थर वाळल्यावर बसतो हे लक्षात घेऊन शेवटचा थर किंचित उंच ठेवावा, आणि तो पूर्ण कडक झाल्यावर २००० च्या पेपरने सपाट करून कंपाउंड फिरवावे. जवळून पाहिले तर दुरुस्ती दिसते, दोन हातांवरून दिसत नाही. रोजच्या वापरातल्या गाडीला एवढे पुष्कळ आहे.

मोठ्या डागासाठी पॅनेल काढून घेणे चांगले. ते स्क्रूंबरोबरच रबराच्या बुशमध्ये दाबून बसवलेल्या खुंट्यांवरही टेकलेले असते. जुन्या एबीएसच्या या खुंट्या ठिसूळ होतात, म्हणून खुंटीच्या अगदी जवळ धरून सरळ रेषेत ओढावे. पाण्याने धुणे आणि अल्कोहोलने पुसणे ही दोन्ही कामे याच क्रमाने करावीत, कारण मीठ पाण्यात जाते, अल्कोहोलने ते जात नाही, आणि पॉलिशचा तेलकटपणा नुसत्या पाण्याने हटत नाही. सिलिकॉनचे पॉलिश राहून गेले, तर नव्या रंगात गोल खळगे पडतात आणि कितीही फवारले तरी ते भरत नाहीत.

ओरखड्याच्या काठावर प्लास्टिक कुरळे होऊन वर आलेले असते. ते ब्लेडने सपाट कापून ४०० च्या पेपरने घासावे आणि जुन्या रंगाची कड हळूहळू उतरती करत न्यावी, बोटाला पायरी जाणवता कामा नये. खोल चर भरायचा असेल, तर पत्र्यावर वापरली जाणारी लांबी, म्हणजे पुट्टी, न घेता प्लास्टिकसाठीची, लवचीक राहणारी घ्यावी आणि ती अगदी पातळ लावावी. पॅनेल चालत्या गाडीवर सतत थरथरते आणि किंचित वाकते. कडक लांबी त्यासोबत वाकत नाही, ती तडकते. यानंतर प्रायमरचे दोन पातळ थर, वाळल्यावर ८०० च्या ओल्या पेपरने सपाटी, आणि पुन्हा पुसणे. पकडीबद्दल शंका असेल, तर पॅनेलच्या मागच्या बाजूवर प्रायमर आणि रंग देऊन, दोन दिवसांनी ब्लेडने बारीक जाळी कापावी, त्यावर सेलोटेप घट्ट दाबून झटक्याने ओढावी. चौकोन टेपसोबत निघून आले, तर दर्शनी बाजूला हात लावण्याची वेळ आलेली नाही.

फवारणीच्या तंत्रात सांगण्यासारखे थोडेच आहे. आतली गोळी खडखडू लागल्यावरही कॅन दोन मिनिटे हलवावा, तो वीस-पंचवीस सेंटीमीटर अंतरावर पॅनेलशी समांतर सरकवत ठेवावा, फवारा पॅनेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा. पहिला थर झिरझिरीत असावा, त्यातून खालचे दिसले तरी चालते. एकाच थरात झाकण्याच्या घाईतून ओघळ येतात.

मुंबईची हवा मात्र सविस्तर लिहिण्याजोगी आहे. रंगातील द्रावण उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता सोबत नेते आणि ओला रंग भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो. हवा दमट असेल, तर त्या थंड थरावर बाष्प जमते, रंगात अडकते आणि वाळलेला पृष्ठभाग पांढुरका, धुरकट दिसतो. जून ते सप्टेंबर या काळात येथे सापेक्ष आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणजे हा दोष जवळजवळ निमंत्रण देऊन बोलावल्यासारखा होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत योग्य. त्यातही सकाळचा ओलावा ओसरल्यावर, अकराच्या सुमारास, समुद्रावरून वारा जोर धरण्याआधी काम उरकावे. एप्रिल-मेच्या कडक उन्हात तापलेल्या पॅनेलवर उलटा दोष येतो: रंग वाटेतच अर्धा वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. किंचित धुरकटपणा आला असेल, तर कोरड्या दिवशी त्याच क्लिअरचा एक पातळ थर दिल्याने तो अनेकदा निवळतो.

जागेचा प्रश्न मुंबईकरांना सर्वांत जास्त भेडसावतो. घराच्या आत, स्वयंपाकघराजवळ किंवा बंद बाल्कनीत स्प्रे मारू नये. कॅनमधील वायू आणि द्रावण दोन्ही ज्वालाग्राही असतात, त्यामुळे गॅसची शेगडी, देवघरातली समई, पेटलेली अगरबत्ती यांपैकी काहीही जवळ असता कामा नये. गच्ची वापरायची असेल, तर सोसायटीला आणि शेजाऱ्यांना आधी सांगावे, वाळत घातलेले कपडे उतरेपर्यंत थांबावे, आणि मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू उघडी ठेवून त्यात पॅनेल टांगावे. वारा आणि धूळ दोन्हींपासून आडोसा मिळतो. मास्क सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या काडतुसाचा असावा. धुळीसाठीचा साधा मास्क कणांना अडवतो, वाफेला अडवत नाही.

शेवटचा थर क्लिअरचा, आणि त्याची निवड विचारपूर्वक करावी. साध्या कॅनमधील क्लिअर द्रावण उडून वाळतो, म्हणून द्रावण पुन्हा भेटले की तो पुन्हा मऊ होऊ शकतो. टाकीच्या झाकणाजवळच्या पॅनेलवर पेट्रोलचा थेंब सांडला, तर तेथे चिकट डाग पडतो. हार्डनर मिसळणारा टू-के क्लिअर रासायनिक क्रियेने घट्ट होतो आणि पेट्रोल सोसतो. मात्र त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो, आणि त्यासाठी लागणारी ताज्या हवेच्या पुरवठ्याची साधने घरी नसतात. म्हणून मी घरगुती कामासाठी साधा क्लिअरच सुचवतो, आणि टाकीला लागून असलेल्या पॅनेलवर टू-के हवाच असेल, तर तयार केलेले पॅनेल रंगाऱ्याकडे नेऊन तेवढा थर त्याच्याकडून मारून घ्यावा.

दोन थरांमधली वेळ कॅनवर लिहिलेली असते, ती पाळावी. काही क्लिअरना पुढचा थर एक तासाच्या आत किंवा मग दिवसभरानंतरच चालतो; मधल्या काळात दिला, तर खालचा अर्धवट घट्ट झालेला थर फुगून सुरकुततो आणि सारे काम पुन्हा घासावे लागते. अर्ध्या तासात पृष्ठभाग हाताला कोरडा लागला, तरी आतला थर कित्येक दिवस मऊ असतो. पॅनेल बसवण्यापूर्वी किमान दोन दिवस, आणि कंपाउंड फिरवण्यापूर्वी आठवडाभर थांबावे. वॅक्स महिनाभर लावू नये, कारण तो उरलेल्या द्रावणाची बाहेर पडण्याची वाट अडवतो. या काळात गाडीवर प्लास्टिकचे घट्ट आवरणही घालू नये. त्याखाली बाष्प कोंडते आणि वाऱ्याने फडफडताना त्यातली धूळ मऊ थरावर घासली जाते. रिकामे कॅन उन्हात किंवा डिकीत ठेवू नयेत, आणि पॉलिश पेपरचे रंगीत पाणी वर्तमानपत्रावर वाळवून तो कागद टाकावा, म्हणजे ते गटारातून खाडीत जाणार नाही.